मुलाला रग्बी लीग खेळायचीय - वेस्टमीड/वेन्टवर्थव्हिल भागात कुठला ज्युनियर क्लब?

वेस्टमीडचा_बाबा

नमस्कार मंडळी, सिडनीत येऊन आम्हाला अडीच वर्षं झाली, वेस्टमीडला राहतो. मुलगा या वर्षी 9 चा होईल. शाळेत त्याच्या वर्गातली चार-पाच पोरं फूटी खेळतात आणि आता याचंही रोज एकच, मला क्लबात घाला. आधी मला वाटलं फूटी म्हणजे फुटबॉल, तर तो म्हणाला नाही बाबा, लीग. यूट्यूबवर दोन मॅच बघितल्या आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. बायकोने तर पहिल्याच टॅकलला, म्हणजे पळणाऱ्याला पकडून खाली पाडतात त्याला, स्क्रीन बंद केली.

तो अंगाने बारीक आहे, पण पळतो जोरात. त्याच्या वर्गातली बरीच पोरं सामोअन आणि लेबनीज घरांतली आहेत, काही जण आत्ताच माझ्या खांद्याला लागतात. मला खालच्या गोष्टी कळत नाहीयेत, कुणाचा स्वतःचा अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.

आपल्या भागात क्लब कुठले आणि निवडायचा कसा, चांगल्या टीमचा बघायचा की जवळचा? या वयात खरंच टॅकल असतं का? इतर पोरं दोन वर्षं आधीपासून खेळतायत, हा नवा जाऊन बाकावर बसेल का? आणि लीग आणि आपल्याकडे मुंबई-पुण्यात खेळतात ती रग्बी एकच का? आईवडिलांना किती वेळ द्यावा लागतो तेही सांगा, मी आयटीत आहे आणि बायको शिफ्टमध्ये काम करते.

वेन्टीची_आई

दादा, आमचा मुलगा पाच सीझन खेळलाय, आता अंडर 12 मध्ये आहे, त्यामुळे जे सांगते ते सगळं ग्राउंडवर उभं राहून बघितलेलं आहे.

तुम्ही वेस्टमीडला म्हणजे पॅरामॅटा डिस्ट्रिक्टमध्ये येता. तुम्हाला सगळ्यात जवळचा म्हणजे वेन्टवर्थव्हिल (आम्ही वेन्टी म्हणतो) मॅगपाइज, रिंगरोज पार्क, काळा-पांढरा रंग. मग इकडे मेरीलँड्स रॅम्स, गिल्डफर्ड आउल्स, तुंगॅबी टायगर्स. वर हिल्सच्या बाजूला हिल्स डिस्ट्रिक्ट बुल्स, केलीव्हिल बुशरेंजर्स, राउझ हिल ऱ्हायनोज, आणि खाली दक्षिणेला कॅब्रामॅटा टू ब्लूज, कॅनली व्हेल कूकाज. हे सगळे एकमेकांविरुद्ध खेळतात, म्हणजे कुठलाही क्लब घेतला तरी दर दुसऱ्या वीकेंडला तुम्ही कुठेतरी गाडी घेऊन जाणारच, त्यामुळे निदान प्रॅक्टिस तरी घराजवळ असू द्या. आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी प्रॅक्टिस असते, हिवाळ्यात साडेपाचला अंधार पडतो आणि तुम्ही ट्रेनने ऑफिसातून येणार. वीस मिनिटं लांबचा क्लब जून महिन्यात चाळीस मिनिटं लांब होतो.

ही चूक आम्ही केलेली आहे. पहिल्या वर्षी कुणीतरी सांगितलं अमुक क्लबची टीम जबरदस्त आहे, म्हणून दोन सबर्ब सोडून तिकडे घातला. तिथे सगळी पोरं एका शाळेतली, पालक एकमेकांना आधीपासून ओळखणारे, आमच्या पोराला कुणी वाईट वागवलं असं अजिबात नाही पण बॉल त्याच्याकडे यायचाच नाही. पुढच्या वर्षी घराजवळच्या क्लबात आणला, तिथे शाळेतले तीन मित्र होते, आणि पहिल्याच प्रॅक्टिसला पोरगं बदललं. त्यामुळे तुमच्या मुलाच्या वर्गातली ती चार-पाच पोरं ज्या क्लबात आहेत तोच क्लब. दुसरा विचारच करू नका.

बाकावर बसण्याचं म्हणाल तर या वयात त्याची काळजी नको, लहान गटांत प्रत्येक पोराला खेळवावंच लागतं, नियमच आहे. मैदान छोटं, दोन्हीकडची पोरं कमी, पॉइंट टेबल वगैरे नसतं. स्कोअर पोरं आपापसात मोजतातच म्हणा, तो कोण थांबवणार.

आणि टॅकल, हो, अंडर 9 मध्ये टॅकल असतं. अगदी छोट्यांना, अंडर 6 ला, आता टॅग असतो, कमरेला पट्ट्या लावतात त्या ओढायच्या. त्यानंतर टॅकलसेफ नावाच्या कार्यक्रमातून शिकवून मग हळूहळू टॅकलकडे नेतात. तुमचा मुलगा उशिरा येतोय, तर कोचला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की याला टॅकल कधी शिकवलेलं नाही. लाजू नका. बरेच आपले पालक हे सांगत नाहीत, मग पोरगं भीतीने हात पुढे करून मान वळवतं, आणि तसंच लागतं.

पैशांचं: रजिस्ट्रेशन प्ले रग्बी लीगच्या साइटवर होतं, साधारण वर्षाच्या शेवटी सुरू होतं. फॅमिली टॅक्स बेनिफिट (मुलांसाठीची सरकारी मदत) मिळत असेल तर सरकारचं ॲक्टिव्ह अँड क्रिएटिव्ह किड्स व्हाउचर मिळतं, वर्षातून दोनदा 50-50 डॉलर. व्हिसावर असाल तर बहुतेक नाही मिळणार.

वेळेबद्दल उद्या लिहिते, आत्ता डबे भरायचेत.

तालमीचं_पोरगं (कोल्हापूर - ब्लॅकटाउन)

ताईंनी झकास लिहिलंय. मी ब्लॅकटाउनात राहतो, आमच्याकडे पेनरिथ डिस्ट्रिक्ट लागतं. डूनसाइड रूज, क्वेकर्स हिल डिस्ट्रॉयर्स, सेंट मेरीज सेंट्स, सेंट क्लेअर कॉमेट्स, केंब्रिज पार्क, ग्लेनमोर पार्क, असे मस्त क्लब आहेत. रस्त्याच्या या बाजूला पेनरिथ, त्या बाजूला पॅरामॅटा.

ही डिस्ट्रिक्टची भानगड एकदा समजून घ्या म्हणजे सगळं समजतं. वर टीव्हीवर दिसते ती एनआरएल, म्हणजे मोठ्या क्लबांची नॅशनल रग्बी लीग. तिच्यातल्या सिडनीच्या जुन्या क्लबांना प्रत्येकाला आपापला इलाखा आहे, आणि त्या इलाख्यातले सगळे पोरांचे क्लब त्याच्या ज्युनियर लीगमध्ये खेळतात. म्हणजे वेन्टीचं पोरगं चांगलं निघालं तर पंधरा-सोळाव्या वर्षी ते पॅरामॅटाच्या हॅरॉल्ड मॅथ्यूज कपच्या (त्या वयाच्या पोरांची स्पर्धा) टीममध्ये जातं, मग त्याहून मोठ्या पोरांचा एसजी बॉल कप, मग पुढं. जेरोम लुआय सेंट मेरीजचं पोरगं. ब्रॅड फिटलर केंब्रिज पार्कचा. पेनरिथने 2021 ते 2024 सलग चार वर्षं एनआरएलची फायनल जिंकली ना, त्या टीममधली कितीतरी पोरं याच मैदानांवर सॉसेज सँडविच खात मोठी झालीत. ब्रायन टोओ माउंट ड्रुइटचा, आमच्या घरापासून पंधरा मिनिटं.

कोल्हापूरच्या माणसाला हे लगेच कळतं बघा. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमला मॅच असली की कोण कुठल्या पेठेत जन्मला त्यावर तो कुठल्या बाजूला बसणार ते ठरलेलं. टीम चांगली आहे का वाईट हा प्रश्नच नाही, आपली आहे ना. मी इथं आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मला करमायचं नाही. मग पोराला क्लबात घातला आणि पहिल्या मॅचला एक म्हातारे आजोबा जुनी जर्सी घालून दोरीजवळ खुर्ची टाकून बसलेले, त्यांचा नातू पण खेळत नव्हता, तरी आलेले. म्हणाले मी इथं 1970 च्या सुमाराला खेळायचो. तेव्हा मला वाटलं, अरे ही तर तालीमच की.

लीग आणि आपल्याकडची रग्बी वेगळी. बॉम्बे जिमखान्यात खेळतात ती युनियन, 15 जणांची. लीग 13 जणांची, आणि 1895 साली इंग्लंडमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळं होऊन सुरू केली. कारण काय, तर तिकडची पोरं खाणीत आणि गिरण्यांत कामाला. शनिवारी मॅच खेळायची तर मजुरी बुडायची आणि युनियनवाले भरपाई द्यायला तयार नाहीत. आपल्या लालबाग-परळच्या गिरणी कामगारांनी कबड्डी वाढवली, तसाच हा कामगारांचा खेळ. सिडनीत पण तेच झालं, अलेक बर्डन नावाच्या खेळाडूचा खांदा गेला, कामावर जाता येईना आणि कोणी पैसे दिले नाहीत. त्या रागातून 1907 मध्ये इथली लीग उभी राहिली आणि 1908 ला पहिला सीझन झाला. आणि क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, त्या लीगचा पहिला खजिनदार कोण, तर व्हिक्टर ट्रंपर! होय, तोच बॅट्समन.

खेळ समजायला सोपा आहे. सहा टॅकलपर्यंत बॉल तुमच्याकडे, प्रत्येक वेळी पकडला की उठायचं, बॉल पायानं मागं ढकलायचा, परत सुरू. सहाव्याला अडकलात तर बॉल समोरच्याला, म्हणून पाचव्यानंतर बहुतेक किक मारतात. हात पुढं करून पास नाही, फक्त मागं. बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवला की ट्राय, त्याला 4 पॉइंट, त्यानंतरच्या गोलपोस्टमधल्या किकला 2. एवढं माहीत असलं की तुम्ही पहिल्या मॅचला ओरडायला मोकळे.

फिजिओ_सीमा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मुलांच्या खेळातल्या दुखापती रोज बघते, आणि माझा भाचा लीग खेळतो. भीती वाटणं अगदी बरोबर आहे, ती कमी करायला मी इथे आलेली नाही, ती योग्य जागी लावायला आलेय.

या वयात जे जास्त बघते ते म्हणजे बोटं, मनगट, गुडघ्याला खरचटणं, कॉलरबोन. हे बरं होतं. ज्याच्याबद्दल कडक राहायचं ते म्हणजे डोकं. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टच्या सूचना 2024 पासून अशा आहेत की 19 वर्षांखालच्या मुलाला कन्कशन (मार लागून मेंदूला बसलेला धक्का) झालं तर लक्षणं पूर्ण गेल्यावर निदान 14 दिवस संपर्काची प्रॅक्टिस नाही, आणि दुखापतीपासून निदान 21 दिवस मॅच नाही. निदान, हा शब्द महत्त्वाचा. मुलगा म्हणेल मी बरा आहे, तो म्हणणारच, पुढच्या आठवड्यात सेमीफायनल असेल तर आणखी जोरात म्हणेल. तिथे आईबाबांनी नाही म्हणायचं. क्लब निवडताना मी एकच प्रश्न विचारेन, गेल्या सीझनला कुणाच्या डोक्याला लागलं तेव्हा तुम्ही काय केलंत? उत्तर चटकन आणि नीट आलं तर क्लब चांगला.

मऊ हेडगिअर मिळतं, कानाला आणि टाळूला खरचटू नये म्हणून ठीक आहे, पण त्याने कन्कशन थांबत नाही. ते घातल्यावर मुलं जास्त बिनधास्त डोकं घालतात असंही मी बघितलंय. माउथगार्ड मात्र पहिल्या प्रॅक्टिसपासून.

टॅकल म्हणजे आपटणं नाही, ते शिकायचं तंत्र आहे. हनुवटी वर, डोळे उघडे, पाठ सरळ, डोकं धावणाऱ्याच्या बाजूला किंवा मागे ठेवायचं, कधीच त्याच्या समोर नाही, मग खांदा मांडीला आणि दोन्ही हातांनी कवळा. ज्याने कबड्डी खेळलीय त्याला हे हातवारे करून दाखवलं की लगेच पटतं. बारीक पोरगं हे शिकलं तर अंगाने दुप्पट असलेल्याला खाली आणू शकतं, कारण मांड्या धरल्यावर कुणीच पळू शकत नाही. घरी गादीवर गुडघ्यावर बसून त्याच्याबरोबर दहा मिनिटं करा, आधी चालत, मग हळू पळत.

अजून एक, नवीन आलेल्यांना माहीत नसतं म्हणून. न्यू साउथ वेल्समध्ये ॲम्ब्युलन्स फुकट नाही, तुमच्या हेल्थ कव्हरमध्ये ती आहे का बघून ठेवा. रजिस्ट्रेशनबरोबर खेळाचा विमा येतो पण तो मेडिकेअरमध्ये (इथली सरकारी आरोग्य योजना) येणाऱ्या खर्चांना लागू होत नाही. व्हिसावर असाल तर स्वतःची पॉलिसी नीट वाचा.

नितीन_केलीव्हिल

माझं मत वेगळं आहे, कुणाला वाईट वाटू नये. मी माझ्या मुलाला दहा वर्षांपर्यंत टॅकलमध्ये घातलं नाही. उन्हाळ्यात ऑझटॅग खेळवलं, तेच पास, तेच पळणं, तीच चकवाचकवी, फक्त टॅकलच्या जागी पट्टी ओढायची. त्याने हात आणि डोळे तयार झाले, मग लीगमध्ये आला तेव्हा बॉलची भीती नव्हती, फक्त टॅकल शिकायचं राहिलं होतं. तुमची बायको तयार नसेल तर हा मधला रस्ता आहे. आईची मनापासून संमती नसताना घातलं तर दर वीकेंडला घरात वाद होतो आणि पोराला ते कळतं.

वेन्टीची_आई

नितीनजींचं पटतं, फक्त एक जोडते, या मुलाचे मित्र आत्ता क्लबात आहेत. दोन वर्षांनी ते असतील का नसतील. शेवटी त्याच्या आईने ठरवावं, पण ठरवण्याआधी तिला एक मॅच प्रत्यक्ष दाखवा. यूट्यूबवर सगळे मोठमोठे टॅकलच कापून टाकतात. अंडर 9 ची मॅच म्हणजे अर्धा वेळ सगळी पोरं बॉलमागे घोळक्याने, कुणाचा बूट निघतो, कुणी ट्राय केल्यावर आईकडे बघून हात हलवतं.

आता वेळेचं. क्लब म्हणजे पगारी माणसं नव्हेत. कोच कुणाचा तरी बाबा, मॅनेजर कुणाची तरी आई, मैदानाला दोरी बांधणारा, गोलपोस्टला गाद्या लावणारा, पाणी घेऊन आत पळणारा, सगळे पालक. तुम्ही नुसतं पोराला सोडून गाडीत बसलात तर कुणी काही बोलणार नाही, पण तुम्ही कायम पाहुणेच राहाल. वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सरकारी पडताळणी) काढा, स्वयंसेवकांना फुकट आहे. मग लीगसेफ नावाचा छोटा कोर्स करा की तुम्ही पाणी घेऊन मैदानात जाऊ शकता, आणि मग पोरं तुम्हाला नावाने हाक मारायला लागतात.

मी कँटीनला असते. बार्बेक्यूवर बीफ सॉसेज असतात, मला ते हाताळायला नको वाटतं, मी पहिल्याच वर्षी कँटीनच्या प्रमुख बाईंना सरळ सांगितलं. त्या सामोअन आहेत, वयाने माझ्या आईएवढ्या, सगळे त्यांना आँटी म्हणतात. त्यांनी एक प्रश्न न विचारता मला गल्ल्यावर बसवलं, आणि आता चार वर्षं कांदा कापायचा आणि पैसे घ्यायचे हे माझं काम. माझी आई भारतात आजारी होती त्या महिन्यात माझ्या मुलाला प्रॅक्टिसला कोण नेतंय-आणतंय हे मला कधी विचारावंच लागलं नाही, आपोआप होत गेलं. म्हणून तुम्ही चांगल्या टीमचा क्लब विचारलात ना, तर ती टीम दर वर्षी बदलते, माणसं राहतात.

आणि पाऊस पडला की काउन्सिल ग्राउंड बंद करतं, सकाळी सहाला मेसेज येतो, तो बघितल्याशिवाय पोराला उठवू नका.

दोन_मुलींची_आई

हे वाचणाऱ्या मुलींच्या पालकांसाठी लिहिते. मुलींच्या टीम आता खऱ्या अर्थाने वाढतायत. लहान वयात मुलीमुलं एकत्र खेळतात, पुढे वेगळे गट, टॅकल नको असेल तर लीग टॅग. माझी मोठी लीग टॅग खेळते, धाकटीला टॅकलच हवंय. वर जाण्याचा रस्ताही आहे, 17 खालच्यांसाठी लिसा फियाओला कप, 19 खालच्यांसाठी टार्शा गेल कप, आणि बायकांची एनआरएल, म्हणजे एनआरएलडब्ल्यू, 2018 पासून सुरू आहे. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा मला धास्ती होती काय म्हणतील. त्या शाळेत असताना खो-खो खेळलेल्या, दोरीला उभ्या राहून म्हणाल्या, हिला म्हणावं सरळ पळू नको, हुलकावणी दे. पुढच्या मॅचला नातीने दिली, ट्राय झाला. दोघी आठवडाभर तेच बोलत होत्या.

वेस्टमीडचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. एक शंका, शाळेतले मित्र वेन्टीलाच आहेत. पण ऑफिसात एक जण म्हणाला की पॅरामॅटापेक्षा पेनरिथची सिस्टीम चांगली, ईल्स (पॅरामॅटाची एनआरएल टीम) 1986 नंतर जिंकलेच नाहीत, मुलाला तिकडच्या क्लबात घाला. तसं काही असतं का?

तालमीचं_पोरगं

अहो 9 वर्षांच्या पोराला त्याचा काय उपयोग! मी पेनरिथवाला असून सांगतो, नका करू. ईल्स 1947 पासून आहेत. 1981 ला पहिल्यांदा जिंकले तेव्हा लोकांनी आनंदाच्या भरात त्यांचं जुनं कंबरलँड ओव्हल पेटवून दिलं होतं, एवढं त्या भागाचं टीमवर प्रेम. मग 82, 83, 86. त्यानंतर नाही जिंकले हे खरं, 2022 च्या फायनलला आमच्याकडूनच हरले. पण तुमचं घर वेस्टमीडला आहे. तुमच्या पोराला रस्त्यावर जे भेटतील ते निळ्या-पिवळ्या जर्सीतच भेटतील. शिवाजी पेठेत राहून दुसऱ्या पेठेची जर्सी घालायची असते का कधी?

वेस्टमीडचा_बाबा

अपडेट. शनिवारी आम्ही तिघेही रिंगरोज पार्कला जाऊन आलो, आधी नुसतं बघायला. बायको सुरुवातीला पाठ करून उभी होती. मग एक छोटी मुलगी, मुलांच्याच टीममध्ये, तिने एका दांडग्या पोराच्या मांड्या अशा धरल्या की तो बसलाच खाली, आणि उठताना त्यानेच तिला हात दिला. बायको म्हणाली, अजून एक मॅच बघू. मग आम्ही तीन बघितल्या.

वेन्टीच्याच दुसऱ्या एका टीमच्या कोचशी बोललो, सीमाताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. तो म्हणाला गेल्या वर्षी त्याच्या स्वतःच्या मुलाला लागलं होतं, महिनाभर बसवला, मुलगा त्याच्याशी दोन दिवस बोलला नाही. मला एवढं पुरेसं वाटलं. याला टॅकल येत नाही हेही सांगितलं, तर म्हणाला सुरुवातीचे काही आठवडे मी त्याच्याबरोबर वेगळा वेळ देतो, अजून दोघं नवीन आहेत.

बायकोची अट अशी की पहिलं वर्ष खेळू दे, मग परत बोलू. मला मान्य आहे. फॉर्म भरला. मी वर्किंग विथ चिल्ड्रनचा अर्ज केलाय, पाणी घेऊन पळायला आवडेल. मुलगा काल जर्सीचा नंबर विचारत होता, त्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळायचंय.

एक छोटं विचारायचं राहिलं, माउथगार्ड केमिस्टकडचा चालतो की डेंटिस्टकडून बनवून घ्यायचा?

फिजिओ_सीमा

या वयात दुधाचे दात पडतायत आणि नवे येतायत, तोंडाचा आकार बदलत राहतो, त्यामुळे आत्ता गरम पाण्यात मऊ करून चावायचा तो घ्या. पाकिटावर जितके सेकंद लिहिलेत तितकेच पाण्यात ठेवा, जास्त नाही, मग थोडा निवू द्या आणि आरशासमोर बसवून चावायला लावा. नीट बसला नाही तर पोरं बोलायला त्रास होतो म्हणून काढून मोज्यात खुपसतात. दोन घ्या, एक हरवतोच.